नवीन फायबर कनेक्शन आणि घरचा संगणक: अँटिव्हायरसच्या आधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत नवीन फायबर कनेक्शन आलंय. घरात विंडोज १० चा जुना डेस्कटॉप, विंडोज ११ चा लॅपटॉप, चार फोन, स्मार्ट टीव्ही आणि दारावरचा वाय-फाय कॅमेरा आहे. इतके दिवस सगळं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागायचं. आता संगणक दिवसभर नेटवर राहणार, तर कोणता अँटिव्हायरस घ्यावा?

अँटिव्हायरसचा विषय येतो, पण बराच खाली. हॉटस्पॉट काम झालं की बंद व्हायचा. भिंतीवरचा फायबरचा डबा, म्हणजे राउटर, मात्र चोवीस तास चालू असतो, त्याचा पासवर्ड तुम्ही ठरवलेला नसतो आणि घरातली प्रत्येक वस्तू त्याच्यातूनच बाहेर जाते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी हा डबा आपल्या ताब्यात घ्या. दीड-दोन तासांचं काम आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

कनेक्शन जोडायला आलेला टेक्निशियन विचारतो, "पासवर्ड काय ठेवू?" आणि दहातले आठ जण स्वतःचा मोबाइल नंबर सांगतात. तो किती टिकतो, हिशेब करून बघा. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे दहा अंकी शक्यता झाल्या ४०० कोटी. आकडा मोठा वाटतो. पण वाय-फायला एखादा फोन जोडला जाताना जी देवाणघेवाण होते, ती शेजारच्या फ्लॅटमधूनही पकडता येते, आणि ती एकदा हाती लागली की पासवर्ड शोधायचं काम आपापल्या घरी बसून होतं. गेमिंगसाठी घेतलेलं चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख पासवर्ड तपासतं. ४०० कोटी भागिले दहा लाख म्हणजे ४,००० सेकंद, तासाभराचं काम. शिवाय तुमचा नंबर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेच, तेव्हा एवढीही मेहनत कोणी घेणार नाही.

टेक्निशियन गेल्यावर पासवर्ड बदला, तो समोर असताना नको. त्याने डब्यावरच्या स्टिकरचा फोटो कामाच्या नोंदीसाठी काढलेला असतो. त्यात त्याचा काही वाईट हेतू नसतो, पण तो फोटो कुठे कुठे फिरतो हे आपल्या हातात नाही. वाय-फायच्या पासवर्डला ८ ते ६३ अक्षरं चालतात. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहून मध्ये एखादा आकडा टाका: खलबत्ता, उंबरठा, पारसिक, गवार अशा धाटणीचे. (हेच घेऊ नका.) पाहुण्यांना सांगायला सोपं आणि फोडायला अवघड. नेटवर्कच्या नावात आडनाव किंवा फ्लॅट नंबर नको. "जोशी सी-११०४" हे नाव लिफ्टमध्येसुद्धा दिसतं.

हे सगळं फार वाटत असेल तर सानपाडा आठवा. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेल्या धमकीच्या ईमेलचा माग सानपाड्यातल्या एका अमेरिकन नागरिकाच्या फ्लॅटपर्यंत पोहोचला, कारण ईमेल त्याच्या वाय-फायवरून गेला होता. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा क्रमांक, कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे बोट दाखवतो. कळफलकावर कोण बसलं होतं, हे नंतर शोधावं लागतं, आणि तोवरची चौकशी कनेक्शनवाल्याच्या वाट्याला येते.

आता डब्याच्या आत. डेस्कटॉप लॅन केबलने जोडा, कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही कमांड द्या आणि "डिफॉल्ट गेटवे"समोरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. बहुतेक वेळा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. लॉगिन डब्याच्या मागच्या स्टिकरवर मिळतं. इथे दोन पासवर्ड असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक वाय-फायचा, दुसरा या सेटिंगच्या पानाचा, म्हणजे ॲडमिनचा. लोक पहिला बदलतात आणि दुसरा "ॲडमिन, ॲडमिन" असाच राहतो. दोन्ही बदला आणि वेगवेगळे ठेवा. केबलने जोडायला सांगण्याचं कारण साधं आहे: वाय-फायवर बसून वाय-फायचाच पासवर्ड बदलला की "सेव्ह" दाबताक्षणी तुम्ही स्वतः बाहेर फेकले जाता, आणि बदल नीट सेव्ह झाला की नाही हे कळत नाही.

काहीही बदलण्याआधी डब्लूएएन किंवा इंटरनेट नावाच्या पानाचा फोटो काढून ठेवा. त्यावर पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर्कवर लॉगिन होण्याच्या पद्धतीचं) युजरनेम आणि व्हीलॅनचा आकडा असतो, कंपनीशी जोडणी त्यांवरच होते. काही बिघडलं म्हणून मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट केलं, तर या नोंदीही पुसल्या जाऊ शकतात. मग नेट बंद आणि टेक्निशियन येईपर्यंत वाट बघा.

वायरलेस सिक्युरिटीच्या पानावर डब्लूपीए२/डब्लूपीए३ मिक्स्ड हा पर्याय निवडा. तो नसेल तर डब्लूपीए२ आणि सोबत एईएस ही कूटलेखनाची पद्धत. टीकेआयपी ही जुनी पद्धत निवडू नका. ते कमकुवत तर आहेच, शिवाय त्यावर वाय-फायचा वेग ५४ एमबीपीएसवर अडकतो आणि लोक २०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन ऑपरेटरशी भांडत बसतात. नुसतं डब्लूपीए३ ठेवलं तर जुना टीव्ही आणि स्वस्तातला कॅमेरा जोडले जात नाहीत, म्हणून मिक्स्ड.

डब्लूपीएस बंद करा. बटण दाबून जोडणं सोयीचं असतं, पण त्याच्यासोबत आठ आकडी पिन येतो आणि २०११ साली त्यातली मेख उघड झाली. राउटर पिनचे पहिले चार आकडे बरोबर की चूक हे वेगळं सांगतो, आणि आठवा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. म्हणजे दहा कोटींऐवजी १०,००० अधिक १,००० अशा फक्त ११,००० प्रयत्नांत काम होतं. तुमचा वाय-फाय पासवर्ड कितीही लांब असला तरी या वाटेने तो आपोआप हाती येतो.

रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून हे सेटिंगचं पान उघडण्याची सोय, बंद. टेलनेट (दुरून कमांड देण्याची जुनी सोय) दिसलं तर तेही बंद. यूपीएनपी बंद केल्यावर एखादा ऑनलाइन गेम कुरकुर करू शकतो, तरी बंदच ठेवा, कारण घरातलं कुठलंही उपकरण त्याच्यामार्फत तुम्हाला न विचारता बाहेरून आत यायची वाट उघडू शकतं. टीआर-०६९ नावाचा पर्याय दिसेल, तो कंपनी दुरून डबा सांभाळण्यासाठी वापरते. भाड्याच्या डब्यावर त्याला हात लावू नका.

आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत; तिचा फायरवॉल (बाहेरून येणारी नको ती जोडणी अडवणारी भिंत) चालू आहे ना, हे मात्र नक्की तपासा. जुन्या आयपीव्ही४ मध्ये घरातली सगळी उपकरणं राउटरच्या एकाच पत्त्यामागे असतात, त्यामुळे बाहेरून कोणी थेट तुमच्या संगणकाशी बोलू शकत नाही. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जाहीर पत्ता मिळतो, तो आडोसा उरत नाही आणि सगळी भिस्त फायरवॉलवर असते. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या आयपीव्ही६ देतात आणि कोणी सांगत नाही.

मॅक फिल्टर लावा (ठरावीक उपकरणांनाच परवानगी द्या), नेटवर्कचं नाव लपवा, हे सल्ले अजून फिरतात. दोन्हींनी घरातल्यांना त्रास होतो आणि ज्याला आत यायचंय त्याला पाच मिनिटंही अडवलं जात नाही. वेळ घालवू नका.

गेस्ट नेटवर्क चालू करून टीव्ही, कॅमेरा, स्मार्ट बल्ब आणि पाहुण्यांचे फोन त्यावर टाका. संगणक आणि बँकेची ॲप असलेले फोन मुख्य नेटवर्कवर. स्वस्त कॅमेरे बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, तेव्हा गेस्ट नेटवर्क त्या बँडवर हवं. अडचण एकच: फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ टाकायचा असेल तर दोन्ही एका नेटवर्कवर लागतात. तेवढ्यापुरता फोन गेस्टवर न्या. या सोयीसाठी टीव्ही मुख्य नेटवर्कवर आणू नका.

रेंज कमी पडते म्हणून स्वतःचा राउटर घेतलात, तर कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद करायला विसरू नका. नवा राउटर कडेकोट आणि मागे कंपनीचा डबा मोबाइल नंबरच्या पासवर्डवर चालूच, हे फार घरांत दिसतं. कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडवर घेतला, म्हणजे तो फक्त नेट पुढे देईल आणि बाकी काम तुमचा राउटर करेल, तर उत्तम.

फायबर न घेता इमारतीतल्या केबल ऑपरेटरची तांब्याची लॅन केबल घरात आली असेल, जी कळवा, डोंबिवली, ऐरोलीच्या जुन्या इमारतींत अजून सापडते, तर एक गोष्ट कधीच करू नका: ती केबल थेट संगणकात खुपसणं. ती गच्चीवरच्या किंवा लिफ्टच्या खोलीतल्या स्विचमधून येते आणि त्याच स्विचवर इमारतीतले बाकीचे संगणकही असू शकतात. विंडोजने "नेटवर्क प्रायव्हेट आहे का" असं विचारल्यावर तुम्ही होकार दिला, तर तुमचे शेअर केलेले फोल्डर तिसऱ्या मजल्यावर दिसू शकतात. मध्ये एक राउटर टाका, साधा चालेल.

कॅमेऱ्यांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिथे नुकसान खरोखर होतं. सीसीटीव्ही बसवणारा "साहेब, मोबाइलवर बघायचं असेल तर स्टॅटिक आयपी घ्या" (कायम एकच राहणारा पत्ता) म्हणतो आणि राउटरमध्ये ८०, ५५४, ८०००, ३७७७७ असले पोर्ट, म्हणजे आत यायची दारं, बाहेरून उघडून जातो. डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याचा, पासवर्ड कारखान्यातलाच राहतो. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने जगभरातले असले डीव्हीआर, कॅमेरे आणि राउटर गोळा केले. त्यासाठी त्याच्याकडे काही मोठं तंत्र नव्हतं. कारखान्यातल्या साठेक युजरनेम-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, तेवढी पुरली. आपल्या घरचा डीव्हीआर दुसऱ्यावर हल्ला करतोय हे मालकाला कळतही नाही, फार तर नेट हळू वाटतं. राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडा आणि तिथे जे असेल ते काढून टाका. मोबाइलवर कॅमेरा बघायला आजकाल कंपनीचं ॲप पुरतं. डीव्हीआरचा पासवर्ड बदला, फर्मवेअर (त्याचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा आणि बेडरूममध्ये कॅमेरा लावूच नका.

डबा झाला. आता संगणक.

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत, पण ते आपोआप येत नाहीत. विंडोज अपडेटच्या पानावर जाऊन नाव नोंदवावं लागतं, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं आणि २२एच२ ही आवृत्ती लागते. डेस्कटॉपमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप असेल आणि प्रोसेसर यादीत बसत असेल तर सरळ विंडोज ११ वर जा. नसेल, आणि त्यावर फक्त ब्राउझर, ईमेल, मुलांचा अभ्यास एवढंच चालत असेल, तर लिनक्स मिंट टाका. ४ जीबी रॅमच्या यंत्रावरही ते चालतं आणि मराठी टायपिंगही होतं. टॅली किंवा जीएसटीचं काम करणाऱ्यांनी मात्र नव्या यंत्राचा खर्च धरून चालावं.

दुकानातून "फुल लोडेड" विंडोज टाकून आणलं असेल तर ते पुसून अस्सल टाका. ज्या ॲक्टिव्हेटरने ते चालू केलंय तो चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच्यासोबत आणखी काय आत आलं हे शोधण्यात अर्थ नाही. अशा यंत्रावर महागडा अँटिव्हायरस टाकणं म्हणजे चोर घरात असताना बाहेरून कडी लावणं.

अपडेट टाळण्याचं काय होतं, याचं उदाहरण खाडीपलीकडेच आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. ज्या भगदाडातून तो पसरत होता, त्याचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण तो आणखी एका वाटेनेही पसरायचा: एका संगणकावर सापडलेला ॲडमिनचा पासवर्ड घेऊन दुसऱ्यावर जायचं. म्हणून अपडेट केलेली यंत्रंही त्यात सापडली. घरासाठी यातून दोन कामं निघतात. अपडेट "नंतर आठवण करा" म्हणून पुढे ढकलायचे नाहीत. आणि रोजचं काम ॲडमिनच्या खात्यातून करायचं नाही.

हे दुसरं काम बहुतेक कोणी करत नाही, आणि त्याचा फायदा मात्र सर्वांत जास्त. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स उघडा, एक नवीन खातं तयार करा, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा, वेगळा पासवर्ड द्या. त्यात एकदा लॉगिन होऊन बघा. मग तिथूनच तुमचं रोजचं खातं स्टँडर्ड युजर करा. क्रम उलटा केला तर ॲडमिनचं खातंच उरत नाही, म्हणून आधी नवीन खातं. यानंतर काहीही इन्स्टॉल व्हायला लागलं की संगणक पासवर्ड मागेल. तुम्ही काही इन्स्टॉल करत नसताना तो मागितला गेला, तर काहीतरी गडबड आहे एवढं लगेच कळतं. मुलांची खातीही स्टँडर्डच. गेमचे मॉड आणि चीट यांतून फार घाण येते.

नेटवर्क प्रोफाइल "पब्लिक" ठेवा, घरातसुद्धा. नाव गोंधळात टाकणारं आहे, पण पब्लिकमध्ये तुमचा संगणक इतरांपासून लपतो. वाय-फायचा प्रिंटर सापडत नसेल तरच प्रायव्हेट करा.

आता अँटिव्हायरस. विंडोजमध्येच असलेला डिफेंडर घराला पुरतो. विंडोज सिक्युरिटी उघडून रिअल-टाइम प्रोटेक्शन, क्लाउड प्रोटेक्शन आणि टॅम्पर प्रोटेक्शन चालू असल्याची खात्री करा. लॅपटॉपसोबत चाचणीपुरता आलेला दुसरा अँटिव्हायरस असेल तर तो काढून टाका. तो बसवलेला असेपर्यंत डिफेंडर बाजूला होतो, आणि चाचणीची मुदत संपल्यावर तो नुसता पैसे मागत राहतो. रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस आहे, ते चालू करून बघा. ओळखीचं नसलेलं सॉफ्टवेअर तुमच्या डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये काही लिहायला गेलं की ते अडवतं. सुरुवातीला तुमचंही एखादं सॉफ्टवेअर अडेल, फाइल सेव्ह होणार नाही. तेव्हा अख्खी सोय बंद करू नका, त्या एका सॉफ्टवेअरला परवानगी द्या.

"तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले" अशी खिडकी उजव्या कोपऱ्यात येत असेल तर बहुतेक वेळा व्हायरस नसतोच. कुठल्यातरी साइटवर "अलाउ" दाबलं गेलेलं असतं आणि ती साइट ब्राउझरमार्फत नोटिफिकेशन पाठवत असते. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी उघडा, अनोळखी साइट काढा, मुळात विचारायचीच बंदी करा. जाहिराती अडवायला क्रोमवर यूब्लॉक ओरिजिन लाइट, फायरफॉक्सवर पूर्ण यूब्लॉक ओरिजिन. बाकीची एक्स्टेन्शन जितकी कमी तितकं बरं.

तंत्राने अडत नाही अशी एक वाट उरते, ती म्हणजे फोन. नवीन कनेक्शननंतर "ब्रॉडबँड कंपनीतून बोलतोय, तुमचा आयपी हॅक झालाय, एनीडेस्क टाका" असा फोन येऊ शकतो. एनीडेस्क टाकलं की तुमचा संगणक समोरच्याच्या हातात जातो. "बिल भरलं नाही, आज रात्री वीज कापू" हा मेसेजही त्यातलाच, आणि सोबत आलेली एपीके (ॲपची) फाइल उघडली की फोनवरचे ओटीपी दुसरीकडे जातात. महावितरणचं बिल महावितरणच्या ॲपवर किंवा साइटवर स्वतः जाऊन बघा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० वर फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेलाही कळवा. पुढच्या खात्यातून रक्कम काढली जाण्याआधी ती गोठवता येते, म्हणून घाई. फक्त संगणकात काहीतरी शिरलंय असा संशय असेल तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची साधनं फुकट मिळतात.

बॅकअपला १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क पुरते. महिन्यातून दोनदा जोडा, फोटो आणि कागदपत्रं उतरवा आणि काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेली डिस्क उपयोगाची नाही. रॅन्समवेअर संगणकासोबत तिच्यावरच्या फाइलींनाही कुलूप घालतं. लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या माहितीला कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर उतरवून ठेवा. बायॉस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर लॅपटॉप ती मागू शकतो, आणि ती नसेल तर आतलं सगळं गेलं.

सगळं झाल्यावर तपासणी. राउटरच्या पानावर इंटरनेटचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर कंपनीने तुम्हाला सामायिक पत्त्यामागे ठेवलंय. बाहेरून पोर्ट तपासणाऱ्या साइट मग कंपनीचा पत्ता तपासतात, तुमचा नाही, तेव्हा त्यांच्या निकालावर विसंबू नका. स्वतःचा जाहीर पत्ता असेल तर फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका. राउटरचं किंवा डीव्हीआरचं लॉगिन पान उघडलं तर वरचं काहीतरी राहून गेलंय. राउटरच्या इंटरनेटच्या पानावर डीएनएसचे (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सर्व्हरचे) आकडेही बघून लिहून ठेवा. पुढे कधी बँकेची साइट उघडताना विचित्र पान आलं तर आधी हे आकडे बदललेत का ते बघायचं.

भाड्याच्या घरात असाल तर आणखी एक. ११ महिन्यांचा करार संपला की लोक डबा भिंतीवर सोडून जातात किंवा तसाच ऑपरेटरकडे परत देतात. त्यात तुमच्या वाय-फायचा पासवर्ड आणि पीपीपीओईचं लॉगिन असतं. कनेक्शन बंद झाल्याचा मेसेज आल्यावर मागचं रिसेटचं बटण टाचणीने दिवे विझून पुन्हा लागेपर्यंत दाबून धरा, आणि मगच डबा द्या. नव्या घरात आधीच्या भाडेकरूचा डबा चालू सापडला, तर तोही आधी असाच रिसेट करून मग स्वतःच्या नावाने सुरू करून घ्या.